वानखडे, वानखेडे आणि एका मात्रेचं अंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम सध्या हातात आहे. सभासदांच्या दोन याद्या जुळवायच्या. एक सातबाऱ्यावरून मराठीत उतरवलेली, दुसरी बँकेची, इंग्रजी स्पेलिंगची.

पुण्यातला मित्र म्हणतो, लेव्हेनश्टाइन लाव आणि मोकळा हो. किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. 1965 पासूनची रीत आहे. पण राऊत आणि राउत यांत अंतर एक, माणूस तोच. वानखडे आणि वानखेडे यांतही अंतर एकच, अन् आमच्याकडे ही दोन आडनावं. मर्यादा एकवर ठेवली तर वानखड्यांचे पैसे वानखेड्यांकडे, शून्यावर ठेवली तर राऊत यादीबाहेर. साउंडेक्स, म्हणजे इंग्रजी नावाचा उच्चारावरून संकेत बनवायची रीत, त्याहून गयागुजरा. 1918 चं अमेरिकन पेटंट ते, पहिलं अक्षर सोडून सगळे स्वर गाळतं. इंग्रजीतले वानखडे-वानखेडे दोघंही डब्ल्यू 523!

म्हणून आधी बँकेची नावं देवनागरीत आणून सगळा मजकूर एकसारखा करून घेतो. गोऱ्हे मधला ऱ कुणी एका कळीत टाइप करतं, कुणी र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. युनिकोड या अक्षरसंकेतात अशी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत आहे, एनएफसी; ती हे दोन्ही एक करते. पण र ला अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिलेला तसाच वेगळा राहतो. त्याला स्वतःचा नियम लिहावा लागला.

रेजेक्स, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर शोधायच्या खुणा, फक्त गट नंबर काढायला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेजेक्समधलं \d, म्हणजे अंकाची खूण, हे ४५ आणि 45 दोन्ही ओळखतं, छान. नावांवर मात्र \w+, म्हणजे सलग अक्षरांची खूण, चालवून बघा: काना अक्षरात धरतच नाही, राऊतचे र आणि ऊत असे दोन तुकडे पाडतं.

मग गाव, गट नंबर आणि नाव, तिन्ही तंतोतंत जुळले तरच आपोआप जोडणी. नुसत्या गटावर भागत नाही, एकाच गटात चार-चार खातेदार असतात. उरलेल्यांसाठी लेव्हेनश्टाइन, पण तेही फक्त सुचवण्यापुरतं. निर्णय कार्यालयातल्या काकांचा. स्क्रीनकडे बघून ते लगेच सांगतात, "हे दोघं वायले हायेत भाऊ, दोघायचा धुरा लागून हाये." म्हणजे माणसं वेगळी, फक्त शेताचा बांध लागून. त्यांचं उत्तर तक्त्यात जपून ठेवतो, पुढच्या हंगामात तेच विचारायला नको.

नवरा वारला, सातबारा अजून त्याच्याच नावावर आणि खातं बायकोचं, अशा ओळी कुठल्याच तंत्रात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला आहे, 'फेरफार बाकी'.