भिंती वाढवायच्या आधी टीसी उघडून बघा

'रस्ट' या ऑनलाइन खेळात आमच्या ग्रुपचं टीसी, म्हणजे बेसमधलं मालाचं कपाट, भरायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी सोपवलं नाही, आपसूक गळ्यात पडलं. बाकी तिघांच्या हातात बंदूक आली की ते बाहेर पळतात. माझा नेम यथातथाच, त्यामुळे मी दगड फोडतो आणि हिशेब ठेवतो. तक्रार नाही, मला आवडतं ते.

'रस्ट'मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेस एकदा बांधला की कायमचा आपला, असं इथे नसतं. टूल कबर्डमध्ये, म्हणजे टीसीत, लाकूड, दगड, फ्रॅग्स (धातूचे तुकडे), एचक्यू (उच्च प्रतीचा धातू) असा माल भरून ठेवावा लागतो आणि त्यातून अपकीप, म्हणजे बेसच्या देखभालीचा खर्च, कापला जातो. आम्ही त्याला सरळ टॅक्स म्हणतो. पॅनेलवर 24 तासांचा खर्च दिसतो, आणि हे 24 तास खेळातले नाहीत, आपल्या भिंतीवरच्या घड्याळातले. तुम्ही झोपा, कामावर जा, कापणी चालूच.

माल संपला की बेस कुजायला लागतो. लाकडी भिंत 3 तासांत जाते, दगडी 5, शीट मेटल 8, आर्मर्ड 12. सकाळी कामावर निघताना टीसी रिकामा होत आला असेल, तर संध्याकाळी परत येईपर्यंत दगडी बेसचा निकाल लागलेला असतो. शेजारच्याला एक रॉकेटसुद्धा खर्च करावं लागत नाही, चालत आत येतो.

आता खरी मेख. टॅक्सचा दर सरसकट नाही, इन्कम टॅक्ससारखे स्लॅब आहेत. पहिल्या 15 ब्लॉकवर (भिंत, छत असे बांधकामाचे तुकडे) बांधकाम खर्चाच्या 10 टक्के, पुढच्या 50 वर 15, त्यापुढच्या 100 वर 20, आणि त्याच्यावर थेट एक तृतीयांश. (सर्व्हरवाल्याने आकडे बदलले नसतील तर. मॉडेड सर्व्हरवर आधी चौकशी करा.)

मागच्या वाईपला (वाईप म्हणजे सगळा नकाशा पुसून खेळ नव्याने सुरू होणं) आमच्याकडे यावरूनच जुंपली. बेस होता 65 ब्लॉकचा, सगळा दगडी. मामेभावाला चहूबाजूंनी हनीकोम्ब, म्हणजे बाहेरून भिंतींचा आणखी एक थर, हवा होता. त्याला आणखी 100 ब्लॉक. "दगडच तर लागणार, एका दुपारचं काम आहे," हे त्याचं म्हणणं. बांधायला एक दुपार पुरली असती, हे मलाही मान्य होतं. पण अख्खी भिंत 300 दगडांची, छत 150 चं, त्रिकोणी तुकडे आणखी स्वस्त, असं करत सरासरी ब्लॉकमागे 200 दगड धरा. 65 ब्लॉकला रोज 1,800 दगड जातात. 165 ब्लॉक झाले की 5,800. बेस अडीच पट, टॅक्स तिपटीच्याही वर. एका स्टोन नोडमधून, म्हणजे फोडायच्या खडकातून, साधारण 1,000 दगड निघतात, म्हणजे रोजचे दोन नोड होते तिथे सहा झाले. आणि ते सहा नोड कोण फोडणार, हे सांगायला नको.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. हनीकोम्ब फक्त लूट रूम आणि टीसीच्या बाजूने. बाकी बाजू उघड्या राहिल्या, त्यावर त्याने आठवडाभर टोमणे मारले.

त्याच्याही पुढे कुणी 265 ब्लॉकचा वाडा बांधला, तर रोजचे साडेबारा हजारांच्या आसपास दगड लागतील. टीसीत खण 24, एका खणात 1,000 दगड. सगळेच्या सगळे दगडाने भरले तरी दोन दिवस निघत नाहीत. दहा-बारा जणांच्या क्लॅनला हे परवडतं, त्यांच्यात दिवसभर कुणी ना कुणी ऑनलाइन असतं. चार नोकरदारांनी ही हौस करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एचक्यूचं तर विचारूच नका. आर्मर्ड भिंत 25 ची. 165 ब्लॉकच्या बेसमधल्या फक्त सहा भिंती आर्मर्ड केल्या, तर रोजचे 26 एचक्यू टॅक्समध्ये जातात. एका मेटल नोडमधून एचक्यू ओर (कच्चा धातू) निघतो मोजून दोन. तेरा नोड फोडा, भट्टी लावा, आणि हे सगळं फक्त आहे ते टिकवायला. मी टीसीभोवतीच तेवढं आर्मर्ड करतो, तेही बाकीच्यांनी रीसायकलरवरून (भंगार मोडून माल देणारं यंत्र) माल आणला तरच.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात, ती म्हणजे दरवाजे. बेस अख्खा दगडी असला तरी शीट मेटलचे दरवाजे फ्रॅग्स मागतात. पॅनेलवरचा वेळ असतो सगळ्यात आधी संपणाऱ्या मालाचा. दगड आठवड्याचे आणि फ्रॅग्स चार तासांचे असतील, तर तिथे चारच तास दिसतात. ते बघून लोक घाबरून आणखी दगड आणतात! फ्रॅग्स संपले तर फ्रॅग्सचेच भाग कुजतात, दगडी भिंती शाबूत राहतात. पण दरवाजाच गेल्यावर भिंतींचं काय लोणचं घालायचं?

किती दिवसांचं भरायचं, यावर मतं वेगळी आहेत. गच्च भरलेला टीसी म्हणजे रेड करणाऱ्याला, म्हणजे बेस फोडून लुटणाऱ्याला, आयतं ताट. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मी तीन दिवसांचं ठेवतो आणि वरचा माल दोन वेगळ्या पेट्यांत, त्याही वेगवेगळ्या खोल्यांत. शुक्रवारी रात्री सगळे जमतात तेव्हा मोठी फेरी होते: दोघं जॅकहॅमर घेऊन दगडावर, एक लाकडावर, एक छपरावर पहाऱ्याला. पहारेकरी बहुतेक वेळा फोनवर रील बघत असतो, ते सोडा.

भट्ट्या मूळ बेसमध्ये न घेता थोड्या अंतरावर, वेगळ्या टीसीच्या छोट्या खोलीत ठेवल्या तर तिथे पुन्हा 10 टक्क्यांच्या स्लॅबपासून सुरुवात होते. बचत खरी आहे. मात्र आता लक्ष ठेवायचे टीसी दोन झाले, आणि लहान खोली फोडणंही सोपं.

सक्तीचा वाईप महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतो. त्याच्या आदल्या रविवारी मी वाईपपर्यंतचे तास मोजतो, तेवढाच माल टीसीत टाकतो आणि दगड फोडणं बंद. मग उरलेला दगड मामेभावाला देऊन टाकतो. त्याला कुठे हवा तिथे हनीकोम्ब लावू दे, बिल यायच्या आत नकाशाच पुसला जाणार असतो.