घातांकाला कितीने भागायचं?

सांगलीचा पिनकोड ४१६४१६. २ चा ४१६४१६ वा घात, म्हणजे २^४१६४१६, याला १३ ने भागल्यावर बाकी किती? विश्रामबागेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत हे गणित टाका, १ हे उत्तर हमखास कुणीतरी देणार. ४१६४१६ ला १३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून घातांक ० धरला, २^० = १, संपलं. बरोबर उत्तर ३ आहे.

घोळ होतो तो पाया (इथे २) आणि घातांक (इथे ४१६४१६) दोघांना एकच नियम लावल्यामुळे. पाया भाजकाने भागून बाकी ठेवली तर चालतं. १५ च्या जागी २ घेतला तरी १३ च्या हिशेबात फरक पडत नाही. घातांक मात्र किती वेळा गुणायचं ते सांगतो, त्याला भाजकाशी थेट देणंघेणं नाही. २ चे घात १३ ने भागत गेलं की बाक्या अशा पडतात: २, ४, ८, ३, ६, १२, ११, ९, ५, १०, ७, १. बाराव्या पायरीला १ आला, पुढे पुन्हा २, ४, ८. फेरा १२ चा, म्हणून घातांक १२ ने भागायचा. ४१६४१६ ला १२ ने भागून उरतात ४, आणि यादीतली चौथी बाकी ३.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली मांडलेला नियम हाच: भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर पायाचा (भाजक − १) वा घात १ बाकी ठेवतो. फेरा याहून आखूडही निघू शकतो. भाजक १३ च असताना ३ चा फेरा फक्त ३ चा आहे, कारण २७ = २६ + १. म्हणून आधी दोन-चार घात हाताने काढून बघावेत, प्रमेयाकडे नंतर वळावं. मध्येच भाजकापेक्षा १ ने लहान बाकी दिसली, तर ती −१ समजा. तिथून दुप्पट पायरीवर फेरा पूर्ण होतो. वरच्या यादीत सहाव्या जागी १२ आहे, तो हाच.

घातांक फेऱ्याने भागून ० उरला तर यादीतली शेवटची बाकी घ्यायची. ७ च्या घातांचा एकक अंक, म्हणजे १० ने भागल्यावरची बाकी, ७, ९, ३, १ असा फिरतो. ४१६४१६ ला ४ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा ७^४१६४१६ चा एकक अंक १. घाईत पहिला ७ उचलला जातो.

आता पायाला भाजकाने भाग जाऊ नये या अटीकडे. ४१६४१६ = ४१६ × १००१ आणि १००१ = ७ × ११ × १३. हाच पिनकोड पाया म्हणून आला आणि भाजक ७, ११ किंवा १३ असला, तर बाकी सरळ ०. फर्माला बोलवायचं कारणच नाही. साताऱ्याच्या ४१५००१ ची गंमत वेगळी. ७ ने भागल्यावर ६ उरतात, म्हणजे −१. घात सम असला की १, विषम असला की ६.

भाजक संयुक्त असला की गणितज्ञ ऑयलरचा नियम लावतात: भाजकापेक्षा लहान आणि त्याच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या जितक्या, तितक्या घाताला बाकी १, पण पाया आणि भाजक सहमूळ हवेत. खरा खड्डा तिथेच आहे. भाजक १२ घ्या. १२ पेक्षा लहान आणि १२ शी सहमूळ अशा संख्या चार: १, ५, ७, ११. म्हणून फेरा ४ चा धरून २^१०० ची बाकी १ लिहिली जाते. पण सम संख्येला १२ ने भागून विषम बाकी उरेलच कशी? २ आणि १२ सहमूळ नाहीत, नियम लागू नाही. बाक्या पडतात २, ४, ८, ४, ८… पहिला २ परत येतच नाही. सम घाताला ४, म्हणून उत्तर ४.

फेरा पटकन सापडत नसेल तर वर्ग करत जा. ५^३७ भागिले १०१ घ्या. ५^२ ची बाकी २५. ५^४ म्हणजे ६२५, उरले १९. ५^८ ला ३६१ मधून ५८. हे −४३ धरलं तर वर्ग सोपा, १८४९ मधून ३१, ही ५^१६ ची बाकी. ५^३२ ला ९६१ मधून ५२. ३७ = ३२ + ४ + १, म्हणून ५२ × १९ = ९८८, उरले ७९; ७९ × ५ = ३९५, उरले ९२. छत्तीसऐवजी सात गुणाकार. प्रत्येक पायरीला बाकी काढायची. शेवटी एकदम काढू म्हटलं की कागद पुरत नाही.

उत्तर एक्सेलमध्ये पडताळू नका. तिथे १५ च अंक अचूक राहतात, त्यापुढच्या संख्येची बाकी भरवशाची नाही. पायथॉनमध्ये घाताच्या फंक्शनला तिसरी संख्या म्हणून भाजक द्या; ते प्रत्येक पायरीला बाकी काढत जातं आणि २^४१६४१६ चे ३ क्षणात दाखवतं.