भरिताच्या पंगतीत नाथाभाऊ

रविवार, रात्र

आज मुक्ताईनगरकडच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजायला अजून वेळ होता, आणि आमच्याकडे चार माणसं रिकामी बसली की विषय नाथाभाऊंवर, म्हणजे आमच्या एकनाथ खडसेंवर, येतोच. मामा म्हणाले, "मुख्यमंत्रीपद हातातून गेलं भो आपल्या." आपल्या! स्वतः मामांनी जन्मभर काँग्रेसला मत दिलंय.

पण त्यांचं दुःख खोटं नाही. १९६० पासून खान्देशचा एकही माणूस मुख्यमंत्री झाला नाही. २०१४ च्या सप्टेंबरात भाजप-शिवसेना युती तुटल्याची घोषणा भाजपकडून नाथाभाऊंनीच केली, भाजपला १२२ जागा मिळाल्या आणि जळगाव जिल्हा टीव्हीसमोर बसला. नाव दुसरंच आलं. नाथाभाऊंकडे महसूल आणि बाकी बरीच खाती आली. ४ जून २०१६ ला पुण्याजवळच्या भोसरीतल्या जमीन खरेदीच्या आरोपांवरून राजीनामा. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत.

मला मात्र गाडीत परत येताना वाटत राहिलं की आपण या माणसाला चुकीच्या फुटपट्टीनं मोजतोय. २००९ ते २०१४ ही पाच वर्षं ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सिंचनाच्या प्रश्नावर ते सरकारला धारेवर धरायचे तेव्हा आमचे शेजारी कापूस वेचायचा सोडून बातम्या बघायचे. त्यांचा खरा काळ तो. मंत्री म्हणून ते १९९५ च्या युती सरकारातही होते, पण त्या दिवसांबद्दल पंगतीत कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि गंमत अशी की नाथाभाऊंच्या याच मुक्ताईनगर मतदारसंघानं त्याआधीही एक विरोधी पक्षनेता दिला होता. तेव्हा गाव एदलाबाद होतं, मुक्ताईनगर नंतर झालं. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये सत्ताविशीत जळगावातून आमदार झाल्या आणि १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या आमदार राहिल्या. शरद पवारांच्या पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं, काँग्रेस विरोधात गेली आणि १९७९-८० मध्ये काही महिने विरोधी पक्षनेतेपद ताईंकडे होतं. राष्ट्रपतीपदाच्या झगमगाटात हे सगळे विसरले. मामांनाही आठवत नव्हतं, आणि ते तर त्यांचे मतदार!

म्हणजे केळी-कापसाच्या या एका मतदारसंघातून दोन विरोधी पक्षनेते, दोन टोकांच्या पक्षांचे. ज्या पट्ट्यात १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तिथं भाजप रुजवणं हे काही सोपं काम नव्हतं. कोथळीसारख्या गावातला, लेवा पाटीदार शेतकऱ्याच्या घरातला माणूस नसता तर १९९० पासून सलग सहा वेळा ही जागा आली असती असं मला वाटत नाही. त्यांचं बोलणं शेतकऱ्याचं होतं. रागही तसाच, झाकायला न येणारा. तो राग शेवटी त्यांना महागात पडला, असं माझं मत. मामांना ते मुळीच पटलं नाही. ते म्हणाले, दिल्ली-मुंबईवाल्यांना आपला माणूस नकोच होता.

एक गोष्ट मात्र मी पंगतीत बोललो आणि क्षणभर सगळे गप्प झाले. इतकी वर्षं सत्ता एका घरात राहिली, तर तालुक्यात दुसऱ्या फळीचा कार्यकर्ता का उभा राहिला नाही? २०१९ ला नाथाभाऊंना तिकीट नाकारलं, तेव्हा ते मिळालं मुलीला. रोहिणीताई दोन हजारांहून कमी मतांनी पडल्या. २०२० मध्ये नाथाभाऊ राष्ट्रवादीत गेले, २०२२ ला विधान परिषदेवर आले. सूनबाई रक्षाताई भाजपच्याच राहिल्या, रावेरमधून तिसऱ्यांदा निवडून येऊन २०२४ ला केंद्रात राज्यमंत्री झाल्या. त्याच वर्षी रोहिणीताई शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून पुन्हा हरल्या. एका घरात दोन पक्ष, आणि निवडणूक आली की गावातल्या कार्यकर्त्यानं कोणाची सतरंजी उचलायची?

मामांचा पुतण्या यावर जोरात हसला. तो यंदा ग्रामपंचायतीला उभा राहायचं म्हणतोय, अपक्ष. मामांनी त्याला पहिला प्रश्न विचारला: "नाथाभाऊंना भेटून आला का?"