पर्सिस्टंटची वही : मे २०२५, शिल्लक ६० शेअर

रविवारी एरंडवण्यात आमच्या शेअर गुंतवणूकदारांच्या गटाची महिन्याची बैठक झाली. चहा यायच्या आधीच नानांनी विचारलं, "काय गं, पर्सिस्टंटचे शेअर अजून धरूनच बसलीस?" नाना बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यात सगळ्यात जुने गुंतवणूकदार. त्यांचं म्हणणं असं की खिशात येईपर्यंत नफा हा नफा नसतोच. मी तिथे थोडक्यात उत्तर दिलं, पण वहीतला हिशेब नीट मांडावा असं वाटलं, म्हणून ही नोंद.

नोव्हेंबर २०२० मध्ये मी पर्सिस्टंट सिस्टिम्सचे ६० शेअर सरासरी ११५० रुपयांना घेतले. एकूण ६९ हजार. खरं कारण सांगायचं तर सेनापती बापट रस्त्यावरची त्यांची 'भगीरथ' इमारत मी वर्षानुवर्षं बसच्या खिडकीतून बघत आले आहे. १९९० साली पुण्यात सुरू झालेली ही सॉफ्टवेअर कंपनी. २०१० मध्ये आयपीओ, म्हणजे लोकांसाठी शेअरची पहिली विक्री, ३१० रुपयांना आली, तेव्हा मला डिमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. इमारत ओळखीची असणं म्हणजे अभ्यास नव्हे, हे आता कळतं. तरी त्या दिवशी दोन आकडे मी वहीत लिहून ठेवले होते, आणि पुढे तेच उपयोगी पडले : सप्टेंबर २०२० च्या तिमाहीचा नफा १०२ कोटी, आणि भाव एका शेअरमागच्या गेल्या चार तिमाहींच्या कमाईच्या साधारण २४ पट. पुढे मी नुसतं 'पट' म्हणते ते हेच.

पहिली चूक मे २०२१ मधली. भाव २३०० झाला आणि बाजारात सगळे देतात तो सल्ला मी ऐकला : दुप्पट झालं की थोडं काढून घ्यावं. २० शेअर विकले. वर्ष पूर्ण झालं नव्हतं, त्यामुळे २३ हजारांच्या नफ्यावर तेव्हाच्या दराने १५ टक्के अल्पकालीन करही भरला. विकताना मी फक्त भाव पाहिला होता. कंपनीची डॉलरमधली विक्री तिमाहीगणिक जास्त वेगाने वाढत होती, त्याकडे लक्षच दिलं नाही. २०२०-२१ मध्ये वाढ सुमारे १३ टक्के होती, पुढची दोन्ही वर्षं ती ३५ टक्क्यांच्या घरात राहिली. ५६.६ कोटी डॉलरवरून दोन वर्षांत १०३.६ कोटी. वाढीला असा जोर येत असताना मी विकून बसले. (मी वाढ डॉलरमध्येच मोजते. २०२२-२३ मध्ये रुपयांत ती ४६ टक्के दिसत होती, पण त्यातला बराच वाटा घसरलेल्या रुपयाचा होता.)

१ एप्रिल २०२४ च्या रेकॉर्ड डेटला (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर, त्यांना लाभ) शेअरचं विभाजन झालं : दहा रुपये दर्शनी (कागदोपत्री) किमतीच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन झाले. माझे ४० चे ८० झाले, खरेदीभाव ५७५. वहीतले सगळे जुने भाव लाल शाईने निम्मे केले.

आता डिसेंबर २०२४. यासाठीच मुळात लिहायला बसले. भाव ६००० च्या आसपास. माझे ८० शेअर म्हणजे ४ लाख ८० हजार आणि माझी सगळी शेअर गुंतवणूक १३ लाख. एकाच कंपनीत ३७ टक्के. रात्री जेवणं झाल्यावर वही उघडली आणि वाढीची फोड केली. भाव ५७५ वरून ६०००, म्हणजे साडेदहा पटींच्या जरा आत. तिमाही नफा १०२ कोटींवरून सप्टेंबर २०२४ ला ३२५ कोटी, म्हणजे तिप्पट आणि थोडा वर. विभाजन सोडलं, तर शेअरची एकूण संख्या या काळात फारशी बदललेली नाही. मग उरलेली तिप्पट आली कुठून? कमाईच्या २४ पट मिळणारा शेअर आता ७५ पट झाला होता. माझ्या फायद्यातला एक गुणक कंपनीने कमावलेला आणि जवळजवळ तेवढाच दुसरा बाजाराने खुशीने दिलेला.

बाजाराने वाढवून दिलेली पट म्हणजे फुगाच असं नाही. २०२१ मध्येही पट वाढली होती, पण तेव्हा वाढीचा वेगही वाढत होता. २०२३-२४ मध्ये मात्र डॉलरमधली वाढ साडेचौदा टक्क्यांवर आली, आणि पट तरी चढत राहिली. मोठ्या आयटी कंपन्या एक आकडी वाढीत अडकल्या असताना साडेचौदाही चांगलेच, म्हणून सगळे विकण्याचा प्रश्न नव्हता. पण पट ७५ वरून ५० वर आली, तर नफा एक रुपयाने न घटताही माझे १ लाख ६० हजार जातील. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची तरतूद यातच आहे. तो धक्का मला नको होता.

किती विकायचे हे कराने ठरवलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात दीर्घकालीन (वर्षाहून जास्त धरलेल्या शेअरच्या) नफ्यावरचा दर १० वरून १२.५ टक्के झाला, पण वर्षाची करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख झाली. २० शेअरवर माझा नफा होत होता १ लाख ८ हजार ५००. वर्षात दुसरं काही विकलं नव्हतं. २० विकले, कर शून्य, पैसे मुदत ठेवीत.

मग एप्रिल २०२५. ६ तारखेला रविवारी रामनवमी, आम्ही सगळे तुळशीबागेत रामजन्माला. सोमवारी अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने सेन्सेक्स २२२६ अंकांनी पडला आणि पर्सिस्टंटही पाच हजारांच्या खाली होता. गटातल्या दोघांचे फोन आले, "आता घ्यायचे ना?" माझाही हात शिवशिवत होता. वही काढली तर पट अजून पन्नाशीच्या आसपास. भाव पडला होता, पण शेअर स्वस्त झाला नव्हता. घेतले नाहीत, विकलेही नाहीत.

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. तिमाही नफा ३९६ कोटी, वर्षापूर्वी तो ३१५ होता. वर्षाची विक्री १४०.९ कोटी डॉलर, वाढ जवळपास १९ टक्के. वेग साडेचौदावरून पुन्हा वर आला आहे. मे २०२५ मध्ये, ही नोंद लिहिताना, भाव साडेपाच हजारांच्या घरात होता आणि पट साठीजवळ, डिसेंबरपेक्षा कमी. विक्री वेग घेत असताना आणि पट उतरलेली असताना मी विकणार नाही, हेच मी नानांना सांगितलं. नवं आर्थिक वर्ष लागल्यामुळे सव्वा लाखाची मर्यादा पुन्हा कोरी आहे, पण मर्यादा आहे म्हणून विकायचं, असं मी करणार नाही. वेग न वाढता पट पुन्हा सत्तरीपार गेली, तर मात्र आणखी १५ काढेन. नवे घेण्यासाठी पट चाळिशीला यावी लागेल, आणि वेग टिकलेला हवा.

नाना ऐकून घेऊन म्हणाले, "तुझी पट मागच्या कमाईवर काढलेली आहे. वाढणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षाच्या कमाईवर मोजायला हवं." मुद्दा बिनतोड आहे. पण पुढच्या वर्षाची कमाई हा कोणाचा तरी अंदाज असतो, आणि तेजीत अंदाजही फुगतात, म्हणून मी आजवर ते टाळलं. जुलैच्या निकालासाठी पान आखून ठेवलं आहे : डॉलरमधली वाढ, नव्या करारांची रक्कम, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, मागची पट. या वेळी पाचवा रकाना नानांच्या पटीचा. तुमच्यापैकी जे पुढच्या कमाईवर मोजतात, ते अंदाज कोणाचा धरतात आणि त्यातून किती कापतात, ते मला जरूर सांगा.