नव्या घडणीचा गॉगल: बोपदेव, दिवे घाट आणि कात्रजचा जुना बोगदा

जुन्या गॉगलच्या काचेवर चरे पडले होते, म्हणून त्याच कंपनीचं नवं मॉडेल घेतल्याचं मागच्या नोंदीत सांगितलं होतं. उन्हाळाभर ते वापरून झालंय, तर आता सविस्तर. कंपनीचं नाव देत नाही, कारण इथे लिहितोय ते बदल सध्या बऱ्याच कंपन्यांच्या सायकलिंगच्या गॉगलमध्ये दिसतात आणि मला त्या बदलांबद्दलच बोलायचंय.

बदल असे. काचेखालची फ्रेम काढून टाकली आहे. दोन काचांऐवजी एकच सलग आणि उंच काच आहे. भुवयांच्या वर हवेसाठी दोन फटी आहेत. नाकावरचे पॅड बोटाने वाकवून रुंद-अरुंद करता येतात. आणि काच फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात गडद होणारी आहे, श्रेणी १ ते ३. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला हा श्रेणीचा आकडा घेण्याआधी जरूर वाचा. श्रेणी १ ची काच ४३ ते ८० टक्के प्रकाश आत सोडते, श्रेणी ३ ची फक्त ८ ते १८ टक्के. श्रेणी ४ त्याहून काळी असते, ३ ते ८ टक्क्यांची. ती घालून गाडी चालवायची नसते आणि सायकलही चालवू नये. काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो. पॉलिकार्बोनेटची (हे एक मजबूत प्लॅस्टिक) पूर्ण पारदर्शक काचसुद्धा जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. उलट, रस्त्याकडेला मिळणाऱ्या एखाद्या काळ्याभोर काचेत ते संरक्षण नसेल, तर अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नको ते किरण आत जास्त जातात.

गॉगल सपाट रस्त्यावर, भर उन्हात जोखू नये असं माझं मत झालंय. तिथे सगळेच चांगले वाटतात. खरी परीक्षा चढावर, थांबल्यावर आणि उजेड एकदम बदलतो तिथे होते.

चढासाठी पुण्याजवळचा बोपदेव घाट. कोंढव्याच्या बाजूने चढताना वेग इतका पडतो की तोंडावर वारा लागत नाही, आणि चेहऱ्याची गरम, दमट हवा काचेमागे कोंडते. जुना गॉगल घाटमाथ्यावर पाय टेकताच खालून निम्म्यापर्यंत धुकट व्हायचा. नव्यात नाकाच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढा डाग धरतो आणि पुन्हा पेडल मारायला लागलो की वरच्या फटींतून हवा फिरून लगेच जातो. फरक मोठा आहे आणि तो फटींइतकाच खालची फ्रेम गेल्यामुळे पडलाय. घामाचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. हेल्मेटच्या पुढच्या पॅडमधून निथळलेला थेंब भुवईवरून थेट फटीत उतरतो आणि काचेच्या आतल्या बाजूने ओघळतो. वाळला की मिठाची पांढरी रेघ राहते, नेमकी डाव्या डोळ्यासमोर. कपाळाला पातळ पट्टी बांधल्यावर हे थांबलं. ज्यांना पट्टी आवडत नाही, त्यांनी फटी असलेला गॉगल घेताना याचा विचार करावा.

सासवडहून दिवे घाट उतरताना उंच काचेचं मोल कळलं. हात ड्रॉपमध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), मान खाली, म्हणजे आपण काचेच्या वरच्या भागातूनच पाहत असतो. जुन्या फ्रेमची वरची कड बरोबर वळणावर आडवी यायची, आता पुढचा रस्ता पूर्ण दिसतो. खांद्यावरून मागचा ट्रक बघतानाही खालच्या कोपऱ्यात काही आड येत नाही. वेग वाढला की कडेने थोडा वारा शिरतो, पण डोळ्यांत पाणी येईल इतका नाही. उसाच्या ट्रॉलीमागे मात्र बारीक पाचट फटीतून आत येतं. हवा खेळती हवी तर धूळही थोडी सोसावी लागते. माझी निवड हवेच्या बाजूने आहे.

आता फोटोक्रोमिक काच. सकाळच्या उन्हात ती छान गडद होते. भर दुपारी, सर्वांत प्रखर उन्हात, ती आणखी काळी व्हायला हवी, पण थोडी फिकीच राहते. काच बिघडलेली नाही, रसायनाचा स्वभावच तो आहे. काचेतले रेणू अतिनील किरणांनी गडद रूप घेतात आणि उष्णतेने लवकर मूळ रूपात परततात. त्यामुळे थंडीत हीच काच जास्त काळी होते. मराठवाड्यात, विदर्भात मे महिन्यात चालवणाऱ्यांना मी साधी श्रेणी ३ ची काच सुचवेन. शिवाय काच गडद व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं, पण फिकी व्हायला कित्येक मिनिटं लागतात. कात्रजचा जुना बोगदा सायकलवर त्याच्या कितीतरी आधी संपतो. उन्हातून आत शिरलं की खड्डा दिसत नाही. तिथे मी तोंडाशीच वेग कमी करतो, गॉगल नाकावर खाली सरकवतो आणि वरून पाहतो. हे जमतं ते नवे पॅड घामातही घसरत नाहीत म्हणून.

पोलराइज्ड काच का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. ओल्या रस्त्यावरची चमक ती उत्तम मारते, पण सांडलेलं ऑइल आणि निसरडा ओला पट्टा त्या चमकेवरूनच ओळखू येतो. काही सायकल कॉम्प्युटरचा पडदाही विशिष्ट कोनात काळा दिसतो. मासेमारीला, होडीवर ती घ्या. घाटात मला नको.

संरक्षणाबद्दल. या गॉगलवर झेड८७ प्लसची खूण आहे. त्या अमेरिकी मानकात टोकदार, ५०० ग्रॅमचं वजन १२७ सेंटिमीटरवरून काचेवर पाडतात आणि पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारतात. टायरखालून उडालेल्या खडीसाठी हे पुरेसं वाटतं. पण घरी ग्राइंडर चालवताना मी हा वापरत नाही, तिथे बाजू आणि खालचा भाग बंद असलेलाच चष्मा हवा.

काचेतून सरळ दिसतं का, हे दुकानातच बघता येतं. गॉगल हातभर लांब धरा, काचेतून खिडकीचे गज बघा आणि हळूहळू आडवा हलवा. गज वाकले, लचकले तर ठेवून द्या. वळणदार काचेत कडेकडे जाडी कमी करत न्यावी लागते. ते नीट केलं नसेल तर तासाभरात डोकं धरतं. माझ्या काचेत गज कानाकडच्या शेवटच्या बोटभर पट्ट्यातच किंचित हलतात.

धुण्याचं एकच सांगतो: आधी नळाखाली धूळ जाऊ द्या, मग साबणाचा एक थेंब आणि बोटं. कोरडी जर्सी घासली की चरे पडलेच. आतल्या बाजूचा वाफरोधक थर तर ओला असताना पुसूच नये, झटकून वाळू द्यावा.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात पारदर्शक काच लावून बघणार आहे, रात्रीच्या ब्रेवेलाही (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) तीच. नंबरचा चष्मा असलेल्या कोणी गॉगलच्या आत बसणारी नंबरची जोडकाच वापरली असेल, तर चढावर तिच्यामागे वाफ किती धरते ते कळवा. माझ्या राइडमधल्या दोघांचं घेणं तेवढ्यासाठी अडलंय.