पोटाखालचे फोटो

परवा दुपारी लाईट गेले म्हणून शेजारचा सातवीतला मुलगा आमच्याकडे येऊन बसला. कपाटातलं मिग-२१चं पुस्तक काढलं, चार-दोन पानं उलटली आणि वैतागला. "काका, ह्यात एकही विमान उडतच नाहीये!"

खरंय त्याचं. लढाऊ विमानांच्या फोटोंची पुस्तकं दोन जातींची असतात. एक जात दिवाणखान्यातली. निळं आभाळ, खाली ढग, तिरकं झालेलं विमान, मागे आफ्टरबर्नरचा जाळ. अशी पुस्तकं लोक एकमेकांना वाढदिवसाला देतात आणि नंतर कुणीच उघडत नाही. दुसरी जात आमची. पातळ पुठ्ठा, गुळगुळीत कागद, आणि विमान आपलं हँगरमध्ये नाहीतर म्युझियममध्ये गप उभं. फोटोग्राफर आधी त्याला प्रदक्षिणा घालतो, मग गुडघ्यावर बसतो, मग थेट पाठीवर झोपून पोटाखाली सरकतो. एका पानावर पुढचं चाक. पुढच्या पानावर तेच चाक, डावीकडून. त्याच्या पुढच्या पानावर ते चाक मिटल्यावर जिथे जाऊन बसतं ती खोबण, आतल्या पाइपा-वायरींसकट.

अशी पुस्तकं मुळात छोटी प्लॅस्टिकची विमानं जोडणाऱ्या मॉडेलवाल्यांसाठी निघतात. १:७२ प्रमाणात मिग-२१ वीतभर होतं, आणि त्या वीतभर विमानाच्या चाकाची तबकडी भडक हिरवी रंगवायची की राखाडी, यावर हे लोक रात्री जागवतात. (हिरवी. सोव्हिएत विमानांची चाकं हिरवीच.) मी मॉडेलं करत नाही, तो चिकटवायचा सोल्युशनचा वास मला सोसत नाही. मला नुसत्या खोबणी बघायच्या असतात. तेलाचे ओघळ, रंग उडालेले रिव्हेट, 'इथे पाय देऊ नये' अशी बारीक अक्षरातली ताकीद आणि नेमका तिथेच उमटलेला बूट. उडणारं विमान कुणाचंही असतं. उभं असलं की त्याला कोण पुसतं, कोण पिळतं, ते दिसायला लागतं.

चुकीची पुस्तकंसुद्धा मी टाकत नाही. अमेरिकेचं रडारला न दिसणारं विमान १९८१पासून उडत होतं, पण बाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. मग चित्रकारांनी ते मनानेच काढलं, गोलगरगरीत, कडा वळवलेलं. १९८६ साली टेस्टर्स कंपनीने 'एफ-१९' नावाने त्याचं मॉडेलही बाजारात आणलं. नोव्हेंबर १९८८मध्ये पेंटागॉनने एक धूसर फोटो सोडला, तेव्हा कळलं की नाव एफ-११७ आहे आणि अंगाला गोलाई औषधालाही नाही, सगळे सपाट पैलू. तरी ते कल्पनेतलं विमान मला अजून जास्त देखणं वाटतं.

मिगचंही तसंच होतं. पाश्चात्त्य पुस्तकांत लांबून काढलेले भुरकट फोटो. पुढे १९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, पूर्व जर्मनीची मिग-२१ विमानं बिनकामाची होऊन म्युझियमांत गेली, आणि कालपर्यंत ज्याच्याकडे कॅमेरा रोखला तर अटक झाली असती त्याची झाकणं उघडून लोक सावकाश फोटो काढू लागले. माझं पुस्तक त्यानंतरचं. फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागायचे तेव्हा घेतलेलं, दहावीच्या सुट्टीत. आणि तिथून थेट मामाकडे गेलो, नाशिकजवळ ओझरला.

मामा ओझर मिगला होता. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ला आलं आणि त्यासाठीच ओझरचा कारखाना उभा राहिला. मामाच्या वेळी ओव्हरहॉलचं काम चालायचं: विमान यायचं, पार सुटं व्हायचं, पुन्हा जुळून जायचं. तो घरी यातलं अवाक्षर काढायचा नाही. "मामा, आज काय केलंस?" तर "काम." "कशाचं?" तर "तू जेव."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. मामाने चष्मा लावला, बोटं आधी लेंग्याला पुसली, आणि पान उलटलं. बराच वेळ काही बोलला नाही. सगळं छापलेलं होतं. जे तो बायकोलाही सांगत नव्हता ते कुणी परक्याने रंगीत छापून फुटपाथवर विकायला ठेवलेलं. मग मागच्या चाकाच्या खोबणीवर त्याने बोट टेकवलं. "इथं हात घातला की कोपर सोलतं," म्हणाला, आणि बाही वर करून दाखवलं. कोपरावर जुने पांढरे ओरखडे होते. मामीने तेवढ्यात "आता ते कशाला पोरासमोर" म्हणून बाही खाली ओढली.

कॉकपिटच्या पानावर निळसर हिरव्या पॅनेलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ दिसते. विमान स्पिनमध्ये सापडून गिरक्या घेत खाली जायला लागलं की पायलटला काही सुचत नाही. तेव्हा स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, त्या रेघेच्या रोखाने पुढे दाबायची, म्हणजे ती बरोबर मध्यावर राहते. हे मला पुस्तकाने सांगितलं. मामाने ते पान वाचलंच नाही, दोन पानं एकदम उलटली.

मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला निवृत्त झालं, भाषणं झाली, पाण्याचे फवारे उडाले. टीव्हीवर जो तो 'उडती शवपेटी' म्हणत होता, मग लगेच 'शूर योद्धा' म्हणत होता. मामा तोवर राहिला नव्हता. पण तो नोकरीत असताना पेपरात मिग पडल्याची बातमी आली की तो ती उभ्यानेच वाचायचा. बातमीत पायलटचं नाव असायचं, वय असायचं, कुठल्या गावाच्या शेतात पडलं ते असायचं. मामा शोधायचा तो शेपटीजवळचा नंबर. तो पेपरवाले कधी छापत नसत. मग डबा तसाच ठेवून, पहिल्या बसच्याही आधी, सायकल काढून तो कारखान्यात जायचा.