७८ वं मिनिट

पीएसपीचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम मशीनचं, मागचं झाकण आज तांदळाच्या दाण्याएवढं उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली. गुरुवारपासून आत फुटबॉल गेमची एक मॅच मध्येच थांबवून झोपवलेली, ७८ वं मिनिट, आपण १-० ने पुढे. बॅटरी काढली की ती गेली.

काढलीच. फुगलेल्या बॅटरीत वायू धरलेला असतो. चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही आणि झाकण दाबून बसवायचं तर मुळीच नाही. नखानं झाकण सोडवलं, बॅटरी पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा बाहेर ठेवला. आक्का म्हणाली, "एवढं तोंड पाडायला काय झालंय? भंगारवाल्याला दे की ते."

तसं झालेलं काहीच नाही. मेमरी स्टिकवरचं सगळं शाबूत आहे. मास्टर लीग (संघ सांभाळत हंगाम खेळायचा भाग) आहे, गेममधलं 'लंडन एफसी' हे खोटं नाव खोडून केलेलं चेल्सी आहे, एकेक अक्षर निवडत बसून केलेला कोल्हापूरचा संघ पाटाकडील तालीम आहे. बंड्याची खंडोबा तालीमसुद्धा आहे. (ते जाऊ दे.) गेली ती एक मॅच, तीही कॉम्प्युटरविरुद्धची. तरी चुटपुट जात नाही.

कारण खरी मजा त्या थांबण्यातच होती. पॉवरचं बटण एकदा वर सरकवलं की चेंडू हवेत असेल तर हवेतच राहायचा. बस आली, सरकव. खानापूरला उतरून परत सरकवलं की चेंडू तिथूनच खाली यायचा. बटण जास्त वेळ धरलं तर मात्र मशीनच बंद, नवखे तिथंच मॅच घालवतात. फुलीनं पास, चौकोनानं शॉट, गोलानं क्रॉस, त्रिकोणानं थ्रू पास. आर बटण धरून पळायचं, एल बटणानं माणूस बदलायचा. दुसरी (अॅनालॉग) काडीच नाही, त्यामुळं नखरे कमी, पास द्यावाच लागतो. आणि पीईएस २०१४ मध्ये (हाच तो गेम) मेस्सी अजून बार्सिलोनातच आहे. दुसरा फुटबॉल गेम फिफा, तर फिफा १४ नंतर पीएसपीवर ते आलंच नाही.

आता बॅटरी शोधायची. या ३००० मॉडेलला ३.६ व्होल्ट, १२०० एमएएचची लागते. पहिल्या जाड मॉडेलची १८०० वाली या झाकणाखाली बसत नाही. त्याच आकारावर ३६०० छापलेलं असेल तर हसून परत द्यायची, एवढं त्यात मावतच नाही. आणि वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेली 'नवी' बॅटरीही आतून म्हातारीच असते.

तोवर बॅटरीशिवाय, नुसत्या अॅडॉप्टरवर. चालतं तसं. पण मग झोपवलेली मॅच भिंतीतल्या पिनच्या भरवशावर, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे लाईटचा काय नेम. सेव्ह होताना नारिंगी दिवा लुकलुकतो, तेवढ्यात गेली तर फाईलच बिघडायची.

संध्याकाळी लावून बघितलं. ४१ व्या मिनिटाला लाईट गेली. ०-२ ने मागे होतो, म्हणजे तशी सुटकाच.

मॅचची वेळ दहावरून पाच मिनिटांवर आणलीय. पाच मिनिटं टिकते लाईट. बहुतेक.